पुण्यात नवे आहात? अ‍ॅपवरून रिक्षा-कॅब मागवण्याआधी

दर जूनमध्ये माझा फोन जरा जास्त वाजतो. सोलापूरकडची, नात्यातली, ओळखीतली मुलं-मुली कॉलेजसाठी नाहीतर पहिल्या नोकरीसाठी पुण्यात येतात आणि पहिल्या पंधरा दिवसांत कधीतरी रस्त्याच्या कडेला बॅग घेऊन उभं राहून फोन करतात, "मावशी, चौथ्यांदा कॅन्सल झाली." मी अकरा वर्षांपूर्वी आले तेव्हा हे सांगणारं कोणी नव्हतं. गेल्या वर्षी आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या दिवशी पहाटे साडेसहाला एका अ‍ॅपवर लागोपाठ तीन गाड्या लागल्या आणि तिन्ही गेल्या. चौथी आली चाळीस मिनिटांनी. तोवर आई सोसायटीच्या पायरीवर बसून होती. प्रत्येकाला फोनवर वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहूनच काढावं, हे त्या दिवशी ठरवलं.

आधी ड्रायव्हरचा हिशेब समजून घ्या

पायऱ्यांपैकी ही पहिली, आणि नवीन माणूस नेमकी हीच गाळतो. गाडी "लागली" म्हणजे ती येणारच, असं आपण धरून चालतो. ड्रायव्हरच्या दृष्टीने मात्र भाडं पक्कं होतं ते तुमच्याशी फोनवर बोलल्यावर. म्हणून फोन येतो आणि त्यात दोनच प्रश्न असतात: "ड्रॉप कुठंय?" आणि "कॅश का ऑनलाइन?"

पहिला प्रश्न परतीच्या भाड्याचा असतो. संध्याकाळी सहाला कोथरूडहून हिंजवडी फेज ३ ला जाणारा ड्रायव्हर तिथून रिकामा निघायला तयार नसतो, कारण भूमकर चौक आणि वाकडचा पूल ओलांडण्यात त्याचा तासभर जातो. लोहगावच्या आतल्या वस्त्या, आंबेगाव, मांजरीचा टोकाचा भाग इथेही तेच. रिक्षावाले यासाठी सरळ "हाफ रिटर्न" मागतात, म्हणजे मीटरवर जाण्याचे जेवढे होतील तेवढे, शिवाय परतीचे अर्धे.

दुसरा प्रश्न रोखीचा. ऑनलाइन दिलेले पैसे बऱ्याचदा आधी कंपनीच्या खात्यात जातात, त्यातून कमिशन किंवा जुनी थकबाकी वळती होते आणि उरलेलं ड्रायव्हरला मिळतं. त्याला मात्र दुपारी सीएनजी भरायचा असतो. पुण्यात सीएनजीची रांग ज्याने पाहिली आहे, त्याला "गॅस भरायचाय, दुसरी बघा" हे वाक्य प्रत्येक वेळी बहाणा वाटणार नाही. कधी कधी तो असतोही. पण समोरचा माणूस कोणता हिशेब करतोय हे कळलं, की त्याच्याशी काय बोलायचं हे सुचतं आणि निम्मी चिडचिड तिथेच संपते.

आता एक बदल नीट लक्षात घ्या, कारण जुन्या पुणेकरांनाही तो उशिरा कळला. फेब्रुवारी २०२५ पासून उबरने रिक्षासाठी कमिशन घेणं बंद केलं. ड्रायव्हर कंपनीला अ‍ॅप वापरायची ठरावीक रक्कम भरतो आणि भाडं तुम्ही थेट त्याच्या हातात देता. रॅपिडो आणि ओलाही याच वाटेने गेल्या. ड्रायव्हरसाठी हे चांगलंच झालं. तुमच्यासाठी याचा अर्थ असा, की रिक्षाच्या बाबतीत अ‍ॅपवरचा आकडा अंदाजाचा ठरतो, आणि भाड्यावरून वाद झाला तर "पैसे आम्ही घेतलेच नाहीत" असं कंपनी म्हणू शकते. म्हणून रिक्षात पाय ठेवण्यापूर्वीच भाडं स्पष्ट बोलून घ्यायचं. कॅबच्या बाबतीत अ‍ॅपवरच्या आकड्याला अजून वजन आहे.

दर पाठ करा, दोनच आकडे आहेत

पुण्यात रिक्षाचा मीटर १ सप्टेंबर २०२२ पासून असा चालतो: पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये, पुढे प्रत्येक किलोमीटरला १७. तोंडी हिशेबासाठी किलोमीटर गुणिले १७ करा, उत्तर जवळपास बरोबर येतं. आठ किलोमीटर म्हणजे साधारण १३६ रुपये. रात्री १२ ते पहाटे ५ या वेळेत शहरात त्यावर २५ टक्के जास्त.

वातानुकूलित टॅक्सीसाठी प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाने ठरवलेला दर पहिल्या दीड किलोमीटरला ३७ आणि पुढे २५ रुपये आहे. इथे किलोमीटर गुणिले २५ करा. दहा किलोमीटरला अडीचशे.

हे आकडे कशासाठी हवेत? कॅबमध्ये बसल्यावर ड्रायव्हर म्हणू शकतो, "अ‍ॅपवर एकशे ऐंशी दाखवतंय, पण आम्ही मीटरच्या रेटने घेतो." मे २०२५ पासून पुण्यात बऱ्याच कॅबचालकांनी हा आग्रह धरला. अ‍ॅप देतं ते भाडं सरकारी दरापेक्षा फारच कमी आहे, ही त्यांची तक्रार. 'ओन्ली मीटर' नावाच्या संकेतस्थळावर अंतर टाकून ते सरकारी दराची रक्कम दाखवतात. माझं मत विचाराल तर त्यांच्या मागणीत तथ्य आहे. आठ-दहा तास गाडी चालवून हप्ता, गॅस, दुरुस्ती भागवायची, तर त्याला परवडेल असा दर मिळायलाच हवा. पण ही गोष्ट गाडीत बसण्यापूर्वी सांगायला हवी. अर्ध्या रस्त्यात, सामान डिकीत असताना सांगितली, तर ती अडवणूक झाली. म्हणून फोनवरच विचारा, "अ‍ॅपवरचे पैसे की मीटर?" मीटर म्हणाला आणि किलोमीटर गुणिले पंचवीसच्या आसपास आकडा आला, तर घ्यायचं की नाही हे तुम्ही ठरवा. त्याहून वर मागत असेल तर त्याला दराचा आधार नाही आणि नाही म्हणताना तुम्हाला संकोच वाटायचं काही कारण नाही.

गाडी मिळत नसली की काही अ‍ॅप "टिप वाढवा, लवकर मिळेल" असं दाखवतात. सेवा मिळण्यापूर्वीच टिप मागण्याच्या या प्रकारावरून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२५ मध्ये उबरला नोटीस पाठवली होती. मी ते बटण दाबत नाही. तीन मिनिटं थांबून दुसऱ्या अ‍ॅपवर बघते.

पिन कुठे टाकता यावर अर्धं काम

मोबाइल तुमची जागा आपोआप पकडतो. ती दहापैकी तीन वेळा तरी चुकीची असते, आणि पुण्यात पन्नास मीटरची चूक म्हणजे दीड किलोमीटरचा वळसा. फर्ग्युसन रस्ता, जंगली महाराज रस्ता, लक्ष्मी रस्ता एकेरी आहेत. पेठांमधल्या बऱ्याच गल्ल्याही तशाच. पिन पलीकडच्या बाजूला पडला, की ड्रायव्हरला दोन चौक फिरून यावं लागतं. नकाशात ते अंतर दिसताच तो भाडं सोडतो.

तर हे करा. पिन बोटाने हलवून दुकान, बँक, पेट्रोल पंप, देऊळ अशा लोकांना माहीत असलेल्या ठिकाणी न्या. सोसायटीला दोन गेट असतील तर ज्या गेटातून गाड्या आत येतात तेच गेट. उड्डाणपुलाजवळ असाल तर पुलाखाली की सर्व्हिस रोडला, हे संदेशात लिहा. गाडी पुलावर चढली की पुढच्या उतारापर्यंत परत येऊ शकत नाही. चांदणी चौक आणि नवले पुलाजवळ हे फार होतं. अगदी एकेरी रस्त्यावर असाल तर शंभर पावलं चालून वाहतुकीच्या योग्य बाजूला जा आणि मग बुक करा. हातात बॅग असताना हे जिवावर येतं, मला मान्य आहे, पण त्या शंभर पावलांनी माझी वीस मिनिटं अनेकदा वाचली आहेत.

काही ठिकाणं वेगळी सांगायला हवीत.

शिवाजीनगरचा एसटी स्टँड. मेट्रोच्या कामामुळे तो २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडीला हलला. गावाकडची माणसं, तिकीट आणि कंडक्टर अजूनही "शिवाजीनगर" म्हणतात. अ‍ॅपमध्ये "शिवाजीनगर" टाकून गाडी मागवली, तर ती भलत्याच ठिकाणी उभी राहते आणि तुमच्या नावावर थांबण्याचा वेळ सुरू होतो. "वाकडेवाडी बस स्टँड" असंच टाइप करा. नाशिक, संभाजीनगरकडून येणाऱ्या नातेवाइकांनाही हे आधी सांगून ठेवा.

स्वारगेट. तिथे एसटीचा स्टँड, पीएमपीचा म्हणजे शहर बसचा स्टँड आणि जमिनीखालचं मेट्रो स्टेशन अशी तीन वेगळी ठिकाणं आहेत. नुसतं "स्वारगेट" चालत नाही.

विमानतळ. लोहगावला उतरल्यावर अ‍ॅपच्या कॅब टर्मिनलच्या दारात येत नाहीत. समोरच्या एरोमॉल नावाच्या बहुमजली वाहनतळात जाऊन बसावं लागतं. सामानाच्या पट्ट्याजवळ उभं राहूनच गाडी बुक करायची सवय असेल तर ती इथे मोडा. बॅग यायला उशीर होतो, चालत जायला वेळ लागतो, तोवर ड्रायव्हर कंटाळतो किंवा थांबण्याचे पैसे लागतात. एरोमॉलमध्ये पोहोचा, कुठल्या मजल्यावर कुठल्या अ‍ॅपची गाडी येते ती पाटी वाचा आणि मग बुक करा. बरोबर म्हातारं माणूस असेल तर त्यांना आधी तिथल्या खुर्चीवर बसवा.

फोन आल्यावर काय बोलायचं

ड्रायव्हरच्या फोनची वाट बघू नका, गाडी लागताच तुम्हीच करा. मी साधारण असं बोलते: "दादा, नमस्कार. मी कर्वेनगरला कमिन्सच्या गेटसमोर उभी आहे. स्वारगेटला जायचंय, पैसे रोख देईन. येताय ना?" तिन्ही गोष्टी त्याच्या विचारण्याआधी सांगून झालेल्या असतात. तो येणार असेल तर "आलो मॅडम" म्हणतो. येणार नसेल तर तिथेच कळतं आणि नकाशावर न हलणाऱ्या गाडीकडे दहा मिनिटं बघत बसावं लागत नाही.

मराठी येत नसलेला मित्र बरोबर असेल तर त्याच्याऐवजी तुम्ही बोला. ड्रायव्हर लातूर, बीड, धाराशिवकडचा असला, की आपल्या बोलीतल्या दोन शब्दांनी फरक पडतो, हे मी कितीतरी वेळा पाहिलं आहे. तो माणूसही आपल्यासारखाच गाव सोडून आलेला असतो.

जवळ पाचशेची एकच नोट घेऊन निघू नका. शंभर, पन्नास, वीसच्या नोटा ठेवा. यूपीआयने द्यायचे असतील तर ड्रायव्हरचा स्वतःचा क्यूआर कोड चालेल का, ते फोनवरच विचारा. बऱ्याच जणांना चालतो, कारण ते पैसे थेट त्यांच्या खात्यात पडतात.

बसण्यापूर्वी

नंबर प्लेट अ‍ॅपवरच्या नंबराशी पडताळून पाहा. शेवटचे चार आकडे पुरेत. प्रवासी टॅक्सीची पाटी पिवळी आणि अक्षरं काळी असतात, विजेवर चालणाऱ्या टॅक्सीची हिरव्या पाटीवर पिवळी. पांढऱ्या पाटीची गाडी आली आणि "आमची दुसरी गाडी बिघडली, ही पाठवली" असं सांगितलं, तर बसू नका. ओटीपी गाडीत बसल्यावर द्या, फोनवर कधीच नाही. फोनवर ओटीपी घेऊन तुमच्याशिवायच ट्रिप सुरू केल्याचे प्रकार होतात, आणि मग पैसे परत मागत बसावं लागतं.

भाडं दाखवणाऱ्या स्क्रीनचा फोटो बुक करतानाच काढून ठेवा. ट्रिप संपल्यावर तो आकडा दिसेलच असं नाही.

"कॅन्सल करा, असंच सोडतो, तुम्हालाही वीस रुपये कमी" असा प्रस्ताव येतो. दिवसा, ओळखीच्या रस्त्यावर तुम्ही काय करायचं ते तुम्ही ठरवा. रात्री मात्र ट्रिप अ‍ॅपवरच राहू द्या. ट्रिप कॅन्सल झाली की तुमचं ठिकाण घरच्यांना दिसणं बंद होतं, आणि तुम्ही कुणाच्या गाडीत आहात याची नोंद कुठेच उरत नाही. रात्री नऊनंतर ट्रिपची लिंक एका माणसाला पाठवायचीच, मग ते दोन किलोमीटर का असेना. काही वावगं वाटलं तर ११२.

दुचाकी टॅक्सीबद्दल मुलं फार विचारतात. स्वस्त असते, गर्दीतून लवकर पोहोचते, हे खरं. पण पुण्यात तिचा कायदेशीर इतिहास गुंतागुंतीचा आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये रिक्षाचालकांनी याच मुद्द्यावर शहर बंद पाडलं होतं, आणि जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने परवाना नसल्यामुळे रॅपिडोला सेवा थांबवायला लावली. नंतर २०२५ मध्ये राज्याने दुचाकी टॅक्सीचे नियम केले, त्यात परवानगी फक्त विजेवरच्या दुचाकींना आहे. पेट्रोलच्या, पांढऱ्या पाटीच्या गाडीवर बसताना अपघात झाल्यास विम्याचं काय होईल, हा प्रश्न माझ्या मनात येतो आणि माझ्या भाच्याला मी त्यावर बसू देत नाही.

"तुम्हीच कॅन्सल करा ना"

हे वाक्य तुम्ही पहिल्याच आठवड्यात ऐकाल. ड्रायव्हरने रद्द केलं तर त्याच्या नोंदीवर परिणाम होतो, तुम्ही केलं तर दंड तुम्हाला बसतो. म्हणून तो तुम्हाला करायला सांगतो.

महाराष्ट्र शासनाने २० मे २०२५ रोजी अ‍ॅपवरच्या टॅक्सींसाठी धोरण जाहीर केलं. त्यात म्हटलं आहे, की ड्रायव्हरने ट्रिप रद्द केली तर भाड्याच्या १० टक्के किंवा १०० रुपये, यांतली कमी असेल ती रक्कम प्रवाशाच्या खात्यात जमा व्हावी. प्रवाशाने विनाकारण रद्द केली तर ५ टक्के किंवा ५० रुपये, यांतली कमी असेल ती त्याच्याकडून घ्यावी. मागणी वाढल्यावर भाडं मूळ दराच्या दीडपटीहून वर नेऊ नये, हेही त्यात आहे. मला स्वतःला रद्द झालेल्या ट्रिपचे पैसे अजून आपोआप मिळालेले नाहीत. पण तक्रार लिहिताना या धोरणाचा तारखेसह उल्लेख केला, तेव्हा उत्तर साच्यातलं न येता माणसाने लिहिलेलं आलं.

प्रत्यक्षात असं करा. "दादा, मला यायचंच आहे, तुम्हाला जमत नसेल तर तुम्ही करा," एवढं शांतपणे सांगून फोन ठेवा. पाच मिनिटं गाडी हलली नाही तर रद्द करा, पण कारण निवडताना "विचार बदलला" वर बोट ठेवू नका. "ड्रायव्हरने यायला नकार दिला" किंवा "जास्त पैसे मागितले" हेच निवडा. घाईत आपण पहिला पर्याय दाबतो आणि दंडाची तक्रार तिथेच कमजोर होते.

ज्या दिवशी अ‍ॅपवर विसंबायचं नाही

पहिला मोठा पाऊस. शनिवारची संध्याकाळ. अनंत चतुर्दशीला मध्य पुण्यातले रस्ते बंद असतात आणि विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. पालख्या शहरात असतात ते दोन दिवस. ३१ डिसेंबरची रात्र. या वेळी गाडी मिळालीच तरी ती तुमच्यापर्यंत पोहोचत नाही.

मेट्रो सकाळी ६ ते रात्री ११ चालते. वनाज ते रामवाडी आणि पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट या दोन मार्गिका जिल्हा न्यायालय स्थानकात एकमेकींना भेटतात. तिकीट १० ते ३५ रुपये. लांबचा पल्ला मेट्रोने आणि टोकाचे दोन-तीन किलोमीटर रिक्षाने, असा प्रवास मी आता जास्त करते. विमानतळावरून कोथरूडला जायचं असेल तर रामवाडीपर्यंत रिक्षा, मग एकाच मेट्रोने थेट वनाज. छोटं भाडं शहराच्या आतलं असल्याने रिक्षावालाही कुरकुरत नाही.

पैसे जास्त गेले तर

आधी अ‍ॅपमधल्या मदत विभागात त्या ट्रिपवर जाऊन लिहा. लांबलचक नको: तारीख, वेळ, कुठून कुठे, दाखवलेलं भाडं, घेतलेलं भाडं, स्क्रीनचा फोटो. परतावा मान्य झाला तर तो कूपनमध्ये घेऊ नका, बँक खात्यात मागा. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ओलाला नेमका हाच आदेश दिला होता, की पैसे कूपनने हवेत की खात्यात, हे ग्राहकाला निवडू द्यावं.

उत्तर आलं नाही तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. त्याचं नाव आणि पत्ता अ‍ॅपवर द्यावाच लागतो. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. मराठीत बोलता येतं. त्यापुढे ग्राहक आयोग आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी तिथे शुल्क लागत नाही, पण साठ रुपयांसाठी तिथवर जायची वेळ सहसा येत नाही. १९१५ पर्यंत बहुतेक प्रकरणं मिटतात, असा माझा अनुभव आहे.

रिक्षाने मीटर नाकारला किंवा उद्धट वागणूक दिली, तर तक्रार आरटीओकडे. त्यासाठी गाडीचा पूर्ण नंबर, ठिकाण आणि वेळ लागते. एमएच १२ असेल तर पुणे, एमएच १४ असेल तर पिंपरी-चिंचवड.

आणि आज संध्याकाळी एक काम करा. घराजवळच्या रिक्षा स्टँडवर जा. तिथे रोज उभे राहणारे, पन्नाशीच्या पुढचे एखादे काका असतील. त्यांच्या रिक्षातून एकदा मीटरने जाऊन या आणि उतरताना विचारा, "काका, पहाटे स्टेशनला जायचं असलं तर याल का? नंबर देता?" आईच्या दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनला आम्ही अ‍ॅप उघडलंच नाही. सव्वासहाला काका खाली उभे होते, आणि आईला चढताना हात त्यांनीच दिला.